मराठवाड्यातील पारंपरिक शेतकरी जीवन आणि पशुधन : नांदेड-लातूर परिसराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

भारतीय इतिहासलेखनात दीर्घकाळ राजे, लढाया, तह आणि राज्यव्यवस्था यांनाच मध्यवर्ती स्थान होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामाजिक व आर्थिक इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. शेतकरी, कारागीर, स्त्रिया आणि दलित यांचे जीवन त्यामुळे इतिहासाचा विषय बनले. तथापि ज्या पशूंच्या श्रमावर ही संपूर्ण ग्रामव्यवस्था उभी होती, त्या पशूंसह जगलेल्या माणसांच्या दैनंदिन जीवनाची नोंद आजही पुरेशा प्रमाणात झालेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना गायरानांचा संकोच, जंगल खात्याचे निर्बंध आणि शेतकऱ्याच्या जनावरांची उपासमार यांचा संबंध शेतीच्या दुरवस्थेशी जोडला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील 'गावगाडा' या ग्रंथातही गावच्या अर्थकारणात जनावरांचे स्थान काय होते, याचे दर्शन घडते. हे दोन्ही लेखक प्रामुख्याने ब्रिटिश अमलाखालील मुलखाविषयी लिहीत होते. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याविषयी अशा प्रकारचे लेखन तुलनेने अल्प आहे. ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत शोधनिबंधात नांदेड व लातूर परिसरातील पशुसहजीवनाचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) नांदेड-लातूर परिसरातील देशी पशुवंशांचा थोडक्यात परिचय करून घेणे.
२) पारंपरिक शेतकरी कुटुंबाच्या दिनक्रमात, घररचनेत व भाषेत पशूंचे स्थान अभ्यासणे.
३) पशुधनाशी निगडित श्रमविभागणी आणि जातिव्यवस्था यांचा संबंध तपासणे.
४) या जीवनपद्धतीच्या ऱ्हासाची कारणे शोधणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित साहित्याबरोबरच भोकर परिसरातील वयोवृद्ध शेतकऱ्यांच्या बोलण्यातून मिळालेली सर्वसामान्य माहिती व बोलीतील शब्दसंपत्ती यांचा आधार घेतला आहे.

प्रदेश आणि पशुवंश :

भोकर हा नांदेड जिल्ह्यातील तेलंगणाच्या सीमेलगतचा तालुका होय. डोंगराळ व वनाच्छादित भाग, मधूनमधून काळी जमीन, बंजारा समाजाचे तांडे आणि मराठी-तेलुगू भाषांचा शेजार ही या परिसराची वैशिष्ट्ये आहेत. दक्षिणेकडे कंधार, मुखेड, अहमदपूर, उदगीर असा बालाघाटाच्या रांगांचा प्रदेश लागतो. या भूप्रदेशाने स्वतःचे पशुवंश घडविले.

त्यांपैकी पहिला 'लाल कंधारी' हा होय. गडद लाल रंगाचे, मध्यम बांध्याचे आणि कष्टाळू असे हे गोवंश कंधार तालुक्याच्या नावाने ओळखले जाते. कंधारच्या सोमदेवराय नावाच्या राजाने इसवी सनाच्या चौथ्या शतकात या वंशाला आश्रय दिला, अशी परंपरागत समजूत आहे. या समजुतीला इतिहास मानण्यापूर्वी सावधगिरी बाळगणे इष्ट ठरते. मात्र कंधार हे राष्ट्रकूटकाळापासूनचे महत्त्वाचे नगर होते आणि तेथील प्राचीन तलाव 'जगत्तुंग समुद्र' या नावाने प्रसिद्ध आहे. पाणी, चारा आणि राजसत्ता एकत्र असलेल्या ठिकाणी पशुवंशाची जोपासना होणे स्वाभाविक होते, एवढेच येथे म्हणता येईल.

दुसरा वंश 'देवणी' हा होय. लातूर जिल्ह्यातील देवणी या गावावरून त्यास हे नाव मिळाले. गीर, डांगी आणि स्थानिक गोवंश यांच्या संकरातून तो विकसित झाला, असे पशुवैद्यक मानतात. वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा असे त्याचे तीन प्रकार आहेत. पांढरे अंग व काळसर चेहरा असलेला वानेरा, शरीराच्या खालच्या भागावर काळे ठिपके असलेला बाळंक्या आणि पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके असलेला शेवेरा, अशी सर्वसाधारण ओळख सांगितली जाते. देवणीची गाय दूधही देते आणि तिचा गोऱ्हा औतालाही चालतो. या दुहेरी उपयोगामुळे मध्यम शेतकऱ्याला ही जात परवडत असे. यांशिवाय मराठवाडी म्हैस आणि पूर्वीच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी हेही याच प्रदेशाचे धन होय. शेळीला 'गरिबाची गाय' म्हटले जाते. भूमिहीन कुटुंबाच्या दारात बैल नसला तरी शेळी असे. त्यामुळे पशुधनाचा इतिहास केवळ बैलजोडीपुरता मर्यादित ठेवल्यास समाजाचा मोठा घटक नजरेआड होतो.

दिनक्रम, घर आणि भाषा :

पारंपरिक शेतकऱ्याच्या दिवसाचा आरंभ पहाटे जनावरांना वैरण टाकण्याने होत असे. नांगरटीच्या दिवसांत बैलांना औताला जुंपण्यापूर्वी त्यांचे पोट भरलेले असणे आवश्यक होते. त्यामुळे गडीमाणूस रात्रीतून एकदा आणि पहाटे पुन्हा उठून गव्हाणीत कडबा टाकी. दिवस उगवेपर्यंत शेण काढणे, धार काढणे, वासरे सोडणे ही कामे उरकत. गावची गुरे गुराख्याच्या स्वाधीन होत आणि तो ती गायरानात किंवा डोंगराकडे नेई. उन्हे चढली की बैल सोडून पाण्यावर नेत. दुपारच्या विसाव्यानंतर पुन्हा औत चाले. सायंकाळी गुरे परतताना उडणाऱ्या धुळीवरून 'गोरज' हा शब्द आला आणि तो लग्नाच्या मुहूर्ताचे नाव बनला.

घड्याळ नसलेल्या काळात वेळ मोजण्याची साधनेही पशुजीवनातून आलेली होती. सूर्य क्षितिजापासून बैलाच्या कासऱ्याइतका वर आला म्हणजे 'कासराभर दिवस' झाला, असे ग्रामीण भागात म्हटले जाते. कुणाची शेती किती हे सांगताना 'दोन बैलांची' किंवा 'चार बैलांची' असे सांगण्याची रीत होती. जमिनीचे क्षेत्र आणि ती कसण्याची शक्ती या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या मनात वेगळ्या नव्हत्या. बैलाचे वय आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला अशा शब्दांनी दातांवरून सांगितले जाई. कालवड, गोऱ्हा, खोंड, वगार, पारडू हे शब्द प्रत्येक अवस्थेचे आणि उपयोगाचे नेमके वर्णन करतात. कामाच्या गरजेतून तयार झालेली ही शब्दसंपत्ती आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अपरिचित होत चालली आहे.

घररचनेवरही पशूंचा ठसा होता. मराठवाड्यातील माळवदाच्या घरात जनावरांसाठी स्वतंत्र जागा राखलेली असे. अनेक ठिकाणी माणसे आणि जनावरे एकाच छपराखाली राहत. शेत दूर असल्यास तेथे 'आखाडा' उभारला जाई. गोठा, कडब्याची गंजी, औतफाट्याची जागा आणि राखणदाराची झोपण्याची सोय हे आखाड्याचे घटक होत. घर आणि गोठा यांचे हे नाते ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ठळकपणे पुढे आले. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. नवी घरे भूकंपरोधक होती. परंतु आखीव रांगांच्या त्या वसाहतींत जनावरे बांधावयास व वैरण ठेवावयास पुरेशी जागा नाही, अशी तक्रार शेतकऱ्यांनी केली. शेतकऱ्याच्या लेखी गोठा हा घराचाच भाग होता, ही बाब नियोजनात कशी दुर्लक्षित राहते याचे हे उदाहरण होय.

या संदर्भात आयर्लंडची तुलना उद्बोधक ठरते. तेथील पश्चिम भागातील जुन्या शेतघरांत एका टोकाला चूल आणि दुसऱ्या टोकाला गायी, अशी रचना आढळत असे. गायीचे दूध व लोणी हा स्त्रियांच्या कामाचा प्रांत होता आणि मे महिन्याच्या आरंभी दुधाला दृष्ट लागू नये म्हणून विधी केले जात. हवामान, धर्म आणि पिके सर्वस्वी भिन्न असूनही लहान शेतकऱ्याच्या घराने गुरांना सामावून घेतले, हे साम्य लक्षणीय आहे.

श्रमविभागणी आणि जातिव्यवस्था :

पशुसहजीवनाचे वर्णन करताना ते सर्वांसाठी सारखेच सुखाचे होते असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. बैलांची मालकी एकाची आणि सेवा दुसऱ्याची, ही स्थिती सर्वत्र होती. सालगड्याची नेमणूक गुढीपाडव्याला होत असे. ठरलेले धान्य व काही रक्कम, कपडे, पायताण यांच्या मोबदल्यात तो वर्षभर मालकाच्या बैलांची सेवा करी आणि बहुधा त्यांच्याजवळच झोपे. उचल फिटली नाही तर पुढचे सालही त्याच दारात घालवावे लागे. गुराखी बहुतेक वेळा गरीब घरातील लहान मूल असे. त्या मुलाची शाळा गायरानातच संपे.

बलुतेदारी व्यवस्थेतील अनेक कामे जनावरांभोवती फिरत होती. सुतार औत व गाडी करी, लोहार फाळ शेवटी आणि धाव बसवी. मातंग समाज कासरे, दावी, वेठण, म्होरक्या वळून देई. ढोर चामडे कमवी आणि चांभार मोट शिवी. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. जिवंत बैलाची पूजा करणारा गाव मेलेल्या बैलाला स्पर्श करणाऱ्यांना अस्पृश्य मानत होता, हा या व्यवस्थेतील मूलभूत अंतर्विरोध होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. पुढे ठिकठिकाणी मेलेली जनावरे ओढण्याचे काम नाकारण्यात आले. या नकाराकडे पशुधनाच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना म्हणून पाहणे आवश्यक आहे. त्यामुळे गावगाड्याला प्रथमच या कामाची खरी किंमत कळली.

स्त्रियांचे श्रम हा दुसरा दुर्लक्षित घटक होय. शेण काढणे, गोवऱ्या थापणे, सडा-सारवण, उकिरडा भरणे, आजारी वासराची निगा, विरजण, घुसळण आणि तूप कढविणे ही कामे त्यांच्याकडे होती. ताक विकण्याची वस्तू मानली जात नसे. ते शेजारी मागेल त्याला दिले जाई. तुपाच्या विक्रीतून काही ठिकाणी बाईच्या हाती थोडे पैसे येत. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत ग्रामीण स्त्रीचे भावविश्व सामावले आहे. बैलबाजाराच्या कागदपत्रांत मात्र या स्त्रियांचा उल्लेख शोधूनही सापडत नाही.

सहकार्याच्या रीतींचा उल्लेखही येथे करावयास हवा. एकच बैल असलेले दोन शेतकरी आपापले बैल एकत्र जुंपून आळीपाळीने दोघांची शेते करीत. यास 'वारंगुळा' म्हणतात. अडलेल्या शेतकऱ्याच्या शेतात गावातील औते एकत्र येऊन एका दिवसात काम उरकत आणि त्या बदल्यात जेवण घेत, ती 'इर्जिक' होय. गाय अर्धलीने सांभाळण्यास देण्याची पद्धतही होती. धनगर, हटकर यांसारख्या पशुपालक समाजांच्या मेंढ्या खतासाठी शेतात बसविल्या जात आणि त्यांना धान्य दिले जाई. बंजारा समाजाने तर बैलांच्या तांड्यांवरून शतकानुशतके धान्य व मिठाची वाहतूक केली. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग नांदेडहून सुरू झाला आणि लदेणीच्या बैलांचे उरलेसुरले दिवसही संपत आले.

सण, यात्रा आणि बाजार :

पोळा हा बैलांचा सण होय. आदल्या दिवशी खांदेमळण करून जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद लावतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याच्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, गळ्यात घागरमाळा आणि नवा कासरा असा साज चढवून त्यांना वेशीतून मिरवितात व पुरणपोळीचा घास देतात. मात्र वेशीत पहिला बैल कुणाचा जावा हा मानाचा प्रश्न होता. पाटीलकीच्या वादांत पोळ्याच्या मानाचे तंटे वारंवार येतात. अर्थात कृतज्ञतेचा हा सण सत्तेच्या प्रदर्शनाचाही दिवस होता.

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस देवस्वारीने सुरू होते. घोडे, गाढवे, उंट, बैल, कुत्री अशा विविध पशूंचा तेथे बाजार भरतो. दुसऱ्याच दिवशी लातूर परिसरात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात साजरी होते. खरिपाची मळणी आटोपलेली आणि रब्बी पीक उभे, अशा या काळात शेतकऱ्याच्या हाती पैसा व सवड दोन्ही असे. त्यामुळे यात्रेचा काळ खरेदी-विक्रीस अनुकूल ठरला असावा. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगर समाजातील मानली जाते. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी या दैवताचा पशुपालक समाजाशी असलेला संबंध विस्ताराने मांडला आहे. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजारही असाच ख्यातनाम होय. या बाजारांत हेडी आणि दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. दात, खूर, शिंगे, चाल आणि अंगावरील भोवरे पाहून बैलाची पारख होई. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही खरेदी आयुष्यातील मोठ्या आर्थिक निर्णयांपैकी एक होती.

ऱ्हासाची कारणे :

१) सिंचनाचे यांत्रिकीकरण : १९६० नंतर तेल इंजिन व विजेचे पंप आले आणि बैलांची मोट बंद पडली. त्याबरोबर मोट शिवणाऱ्या कारागिरांचेही काम गेले.

२) दुष्काळ : १९७२ च्या दुष्काळात चारा-पाण्याअभावी शेतकऱ्यांना जनावरे मिळेल त्या किमतीस विकावी लागली. दुष्काळानंतर पीक पुन्हा येते, परंतु मोडलेली दावण पुन्हा उभी करण्यास अनेक वर्षे लागतात. २०१२-१३ व २०१५-१६ मध्ये पुन्हा चारा छावण्या उघडाव्या लागल्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला रेल्वेने पाणी द्यावे लागले. त्या परिस्थितीत खेड्यातील गोठ्याची काय अवस्था असेल याची कल्पना करता येते.

३) पीकपद्धतीतील बदल : ज्वारी हे धान्य आणि कडबा दोन्ही देणारे पीक होते. गेल्या काही दशकांत लातूर-नांदेड परिसरात सोयाबीनने मोठे क्षेत्र व्यापले. सोयाबीन रोख पैसा देते, मात्र त्याचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे वैरण विकत घेण्याची वेळ आली. बैल कमी झाले म्हणून ट्रॅक्टर आला, असे एकेरी विधान पुरेसे नाही. वैरण संपली म्हणूनही बैल परवडेनासा झाला.

४) गायरानांचा संकोच आणि मनुष्यबळ : अतिक्रमण व विविध उपयोगांसाठी गायराने घटली. सालगडी मिळेनासा झाला. यातील दुसऱ्या बाबीकडे केवळ तक्रारीच्या सुराने पाहणे योग्य नाही. गुराख्याचा मुलगा शाळेत गेला आणि सालगड्याचा मुलगा शहरात गेला, हे त्या कुटुंबांच्या दृष्टीने मुक्तीचे पाऊल होते.

५) रोगराई आणि कायदे : बुळकांडीचे निर्मूलन होऊन २०११ मध्ये जग त्या रोगापासून मुक्त झाले, ही पशुवैद्यकाची मोठी कामगिरी होय. परंतु २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रातील पशुपालकांचे नुकसान केले आणि जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. दरम्यान २०१५ मध्ये महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातील दुरुस्ती अमलात आली व गायीबरोबरच बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घेण्याची शेतकऱ्याची जुनी रीत त्यामुळे अडचणीत आली. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गायीस 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांसाठी अनुदान जाहीर केले. गायीचा सन्मान वाढला तरी बैल बाळगणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या वैरणीचा प्रश्न शिल्लकच राहतो.

या सर्वांचा परिणाम आकड्यांतही दिसतो. पशुगणनेनुसार महाराष्ट्रातील गोवंश २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख होता. तो २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला, म्हणजे सात वर्षांत जवळपास दहा टक्क्यांनी घटला.

निष्कर्ष :

१) नांदेड-लातूर परिसरात पशुधन हे केवळ उत्पादनाचे साधन नव्हते. काळाचे मापन, घराची रचना, भाषा, सण आणि बाजार यांची घडण त्याभोवती झाली होती.
२) या जीवनपद्धतीत वारंगुळा, इर्जिक यांसारखी सहकार्याची रूपे होती. त्याचबरोबर सालगडी, गुराखी, स्त्रिया आणि अस्पृश्य मानलेल्या जाती यांच्या श्रमाचे शोषणही होते. यांपैकी एकच बाजू सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.
३) बैलांची संख्या घटण्यामागे ट्रॅक्टर हे एकमेव कारण नाही. पीकपद्धती, वैरण, गायरान, दुष्काळ, कायदे आणि मजुरांच्या वाढलेल्या अपेक्षा यांचा तो एकत्रित परिणाम होय.
४) लाल कंधारी व देवणी यांचे जतन केवळ शासकीय प्रक्षेत्रांवर होणार नाही. हे वंश शेतकऱ्याच्या गोठ्यात घडले आहेत. कडबा देणारे पीक आणि चराऊ जमीन टिकली तरच ते टिकतील.

या विषयाच्या पुढील अभ्यासासाठी एक सूचना करावीशी वाटते. आयर्लंडमध्ये १९३५ साली लोकपरंपरा आयोग स्थापन झाला आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील मुलांनी घरातील व शेजारच्या वृद्धांकडून लोकजीवनाची माहिती लिहून घेतली. आज तो संग्रह त्या देशाच्या सामाजिक इतिहासाचे अमूल्य साधन मानला जातो. त्यासाठी मोठा निधी लागला नाही, वही आणि ऐकून घेण्याची तयारी पुरेशी ठरली. आपल्या महाविद्यालयांत येणारे बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील आहेत. मोट हाकलेला, तिवड्याभोवती पात धरलेला, सालाने राबलेला माणूस अजून त्यांच्या घरात आहे. इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र विभागांनी एकत्र येऊन मालक आणि सालगडी, पुरुष आणि स्त्री, गाव आणि तांडा अशा सर्वांच्या आठवणी लिहून घेतल्यास मराठवाड्याच्या इतिहासाचे एक नवे दालन खुले होईल. ही पिढी वयाने थकत चालली असल्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यास वाव नाही.